हत्तीचा डावा डोळा

प्रिय इरा, प्रिय निशांत,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या बाबाला नाही. देवापुढे बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही — तिथेही मी या गोष्टीला वळसा घालूनच पुढे जाते. मग आज का? कारण गेल्या रविवारी इराने फोनवर मला एक प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, "पाहून सांगते हं, बाळा."

पाहण्यासारखं काही नव्हतं, इरा. उत्तर मला त्याच क्षणी ठाऊक होतं.

तू शाळेसाठी प्राण्यांचा तक्ता केलास. त्यावर हत्ती काढलास आणि त्याच्याखाली लिहिलंस की हत्तीला दुःख झालं की त्याच्या फक्त डाव्या डोळ्यातून पाणी येतं. हे तुला बाबाने सांगितलं होतं. तुमच्या बाईंनी विचारलं, ही माहिती कुठून आणलीस? आणि तू त्यांना म्हणालीस — किती ऐटीत म्हणाली असशील, मला इथे बसून दिसतंय — "माझी आजी शिक्षिका होती, तिने शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं." मग मला फोन. "आजी, तू सांग ना. ते खरं आहे ना?"

हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता. तुझ्याहून दोन-तीनच वर्षांनी मोठ्या असलेल्या एका मुलीसमोर. तेव्हा मी काय उत्तर दिलं, ते आता सांगते.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. कपाटातल्या घड्या, औषधांच्या बाटल्या, वाढदिवसांची पत्रं — सगळं रांगेने. हे मात्र रांगेने येत नाही. दोनदा लिहून फाडलं. तेव्हा जसं येईल तसं वाचा. काही शब्द अडतील तिथे बाबाला विचारा. तो वाचून दाखवेल, म्हणजे त्यालाही हे आजच कळेल. असू दे.

साठच्या दशकातली गोष्ट. तुमच्या आजोबांना सिल्वासाच्या कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही मुंबईहून तिथे आलो. पोर्तुगीज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. कचेऱ्या नव्या, शाळा नव्या, आणि आम्ही बाहेरून आलेली माणसंही नवी — कोणी रत्नागिरीचं, कोणी मुंबईचं, कोणी वलसाडकडचं. गावातच, टोकरखाड्याला, आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. आज तुम्ही गाडीतून जे सिल्वासा पाहिलंत, ते कारखान्यांचं, ते तेव्हा नव्हतं. आमली हे वेगळं गाव वाटायचं आणि डोकमर्डीकडे भाताची शेतं होती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तेवढ्या टापूत इंग्रजी शिकलेली बाई म्हणजे मीच. मला शाळेत लगेच घेतलं.

हे "मीच" लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यातून आलं.

आमच्या शाळेच्या फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून, एक मोठा फळा होता. इतर शाळांत अशा फळ्यावर सुविचार लिहितात. आमचे हेडमास्तर सावंतसर कोकणातले, मोठे हौशी. ते म्हणाले, "बाई, सुविचार वाचून कोण सुधारलाय? लोक थांबतील असं काहीतरी लिवा." मी वर ठळक लिहिलं, "हे माहीत आहे का?" आणि खाली रोज एक चमत्कारिक माहिती. राजेमहाराजांची, मोठ्या लोकांच्या खोडींची, जनावरांची.

आणि लोक थांबायला लागले! वर्तमानपत्र वापीहून बसने यायचं, तेही दुपार टळल्यावर. सकाळी गावात वाचायला नवं असं काही असेल तर तो आमचा फळा. पोस्टमन सायकल टेकवून वाचायचा. कचेरीतले कारकून वाचून पुढे जायचे आणि दिवसभर त्यावर बोलायचे. समोर वाणसामानाचं दुकान होतं. तिथल्या गुजराती शेठना तर मी येण्याआधी चैन पडत नसे. मला गावात "माहितीवाल्या बाई" म्हणायला लागले. तुमच्या आजोबांना कचेरीत साहेब विचारायचे, "मिसेसनी आज काय लिहिलंय?" आजोबा घरी येऊन सांगायचे, आणि मी जणू ऐकलंच नाही असं दाखवून कणीक मळत राहायचे. ऐकायचे मात्र प्रत्येक अक्षर.

माहिती कुठून आणायची? माझ्या वडिलांनी मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं होतं, जगभरातल्या नवलांचं. त्यातलं तरी सगळं खरं होतं का, देव जाणे. आता वाटतं, निम्म्याहून अधिक ऐकीव असावं. पण ते छापलेलं होतं, इंग्रजीत होतं, आणि तेव्हा मला तेवढं पुरत असे. रोज एक करत करत ते पुस्तक संपलं. पावसाळा संपला तसं तेही संपलं.

एका सकाळी मी खडू हातात घेऊन उभी राहिले आणि लिहायला काही नव्हतं. समोरून शेठ ओरडले, "बेन, आज रजा छे के शुं? आम्ही वाट पाहते ना!" मागे मुलं जमलेली. मी काय करायला हवं होतं? हसून सांगायचं, आज काही नाही, पुस्तक संपलं. किती सोपं होतं! मी लिहिलं, "चीनच्या एका बादशहाने आपल्या मांजराला दिवाण नेमले होते."

असं काही मी कुठेही वाचलेलं नव्हतं. ते त्या क्षणी माझ्या हातातून आलं.

शेठ रस्ता ओलांडून आले, वाचलं आणि पोट धरून हसले. "बेन, एक वात सांगा. बिल्ली दिवाण, तर लाच काय खाणार? उंदीर?" पोस्टमन म्हणाला, "आमच्या खात्यात आहेत दोघं-तिघं तसले." सगळा रस्ता हसला. पुस्तकातल्या कुठल्याही खऱ्या माहितीला इतकं हसू मिळालं नव्हतं.

मग मी थांबले नाही. तुम्हाला आता सांगायला लाज वाटते, पण त्या कामात मी हुशार झाले. खोटं खरं कसं दिसतं, ते मला समजलं. देश लांबचा घ्यायचा. राजाचं नाव द्यायचं नाही, नाव दिलं की कोणी शोधतो. आणि आत एखादी बारीकशी, उगाचच वाटणारी गोष्ट घालायची. माणसाला वाटतं, इतकं बारीक कोण कशाला बनवेल? म्हणून हत्ती नुसता रडत नाही — डाव्या डोळ्याने रडतो. त्या "डाव्या"चा मला किती आनंद झाला होता! घरी येऊन पुन्हा पुन्हा मनात म्हणत होते. कवितेची ओळ सुचल्यासारखं.

यात काय एवढं बिघडलं, असं निशांतला वाटेल. मलाही वाटत होतं. एक हसू, एक गंमत. कोणाचं काय गेलं?

आता जिवलीबद्दल सांगते.

जिवली आमच्या सातवीत होती. वारली घरातली. डोकमर्डीच्या पलीकडच्या पाड्यावरून चालत यायची. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबायचे. त्या पाड्यातून सातवीपर्यंत पोचलेली मुलगी तीच. अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. सकाळी लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बायका बाजारात जायच्या. त्या आमच्या फाटकाशी मोळ्या उतरवून दम खायच्या आणि जिवलीला हाक मारायच्या, "जिवले, आज काय सांगते तुजी बाय?" मग जिवली फळ्यासमोर उभी राहून मोठ्याने वाचायची. त्या बायकांना वाचता येत नव्हतं. जिवली वाचायची आणि त्या ऐकायच्या — हा रोजचा नेम झाला होता. घंटा झाली तरी मी तेवढं संपेपर्यंत तिला आत बोलावत नसे.

हत्तीचं वाचलं त्या दिवशी एक म्हातारी म्हणाली, "डाव्याच डोल्यान्? मंग उजवा काय करतो, बगत बसतो?" बायका खिदळल्या. जिवली हसली नाही. ती म्हणाली, "बाईंनी लिहिलंय. बाई शिकलेल्या हायेत. खोटं नाय लिहीत." म्हातारी म्हणाली, "बरा बाय, आसंल," आणि मोळी उचलून गेली.

मी आत, खिडकीशी होते. मी ते ऐकलं. मला बरं वाटलं — हेच सांगायचं आहे. वाईट नाही, बरं वाटलं.

जिवलीची सातवी संपत आली तेव्हा शाळेत एक पत्रक आलं. गावातल्या, पाड्यांतल्या मुलींनी शिक्षिका व्हावं म्हणून बाहेरच्या अध्यापन विद्यालयात काही जागा ठेवल्या होत्या. राहणं, जेवण, कपडे सगळं सरकारचं. आमच्या भागासाठी एकच जागा होती. लेखी परीक्षेत जिवली आणि दुसऱ्या शाळेतली एक मुलगी बरोबरीने पुढे होत्या. उरली तोंडी. सावंतसर आईच्या आजारपणासाठी गावी गेले होते. तेव्हा शाळेतर्फे जिवलीबरोबर कचेरीत कोणी जायचं? इंग्रजी येणाऱ्या बाईंनी.

तिचे वडील आणि आत्या आधीच येऊन कचेरीबाहेरच्या चिंचेखाली बसले होते. वडिलांनी सदरा घातला होता. बटणं वरपर्यंत लावलेली, त्या उकाड्यात. मला पाहून उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, पोर बाई होयल?" मी म्हणाले, "का नाही होणार?" मला खरंच तसं वाटत होतं. आमच्या सगळ्या वर्गात तिच्याइतकी लायक मुलगी नव्हती.

आत तीन जण बसले होते. मधले मोठे साहेब मुंबईहून नव्याने आलेले. दुसरे शाळांचे तपासनीस. आणि तिसरी खुर्ची भरायला म्हणून वनखात्याचे एक अधिकारी, वयस्क, मिश्या पांढऱ्या झालेल्या. मला बाजूला खुर्ची दिली. सुरुवात चांगली झाली. जिवलीने गणित तोंडी केलं. नकाशावर नद्या दाखवल्या. तपासनीस माझ्याकडे पाहून मान हलवत होते. मला वाटलं, झालं.

मग वनखात्याचे साहेब प्रेमाने म्हणाले, "जंगलातली पोर तू. एखाद्या जनावराबद्दल काहीतरी सांग, जे सगळ्यांना माहीत नसेल."

मला कळलं. ती तोंड उघडण्याआधीच मला कळलं.

ती म्हणाली, "हत्तीला दुःख झालं की त्याच्या फक्त डाव्या डोळ्यातून पाणी येतं."

साहेब आधी हसले. मग म्हणाले, "अगं, मी दक्षिणेत निम्मी नोकरी हत्तींमध्ये काढली. दोन्ही डोळ्यांतून येतं पाणी. हे तुला कोणी सांगितलं?"

"शाळेच्या फळ्यावर होतं, साहेब. बाईंनी लिहिलं होतं."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. जिवलीनेही पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजीसुद्धा नव्हती. बाई इथेच आहेत, आता सांगतील — एवढंच होतं. मोठ्या साहेबांनी विचारलं, "काय बाई? तुम्ही लिहिलं होतं? खरं आहे हे?"

त्या एका क्षणात मी काय काय पाहिलं! आजोबांची खुर्ची त्याच कचेरीत, दोन खोल्या सोडून. संध्याकाळी सगळी कचेरी हसणार. बी.ए. झालेल्या बाई फळ्यावर थापा मारतात. मग लोक मागचंही काढणार — दिवाण झालेलं मांजर, सगळंच. एक "हो" म्हणायचं होतं. हो, मी लिहिलं, चूक माझी आहे, मुलीची नाही. वाक्य केवढं? मी मुलांना याहून मोठी वाक्यं पाठ करायला लावत असे.

मी म्हणाले, "नाही. असं काही लिहिल्याचं मला आठवत नाही."

इथे थांबले असते तर निदान तेवढंच राहिलं असतं. पण मी थांबले नाही. साहेब अजून माझ्याकडे पाहत होते म्हणून मी आणखी बोलले. शांत आवाजात, थोडं हसून, शिक्षिका बोलतात तसं. म्हणाले, "मुलं कधी कधी आपल्या मनाने रचून सांगतात."

मी रचलेलं, आणि ते तिच्या पदरात टाकलं.

मोठ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. ते ओरडले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "चुकणं चालतं, मुली. पण चूक झाल्यावर बाईंचं नाव पुढे करणं — शिक्षिका व्हायचं असेल तर हे चालायचं नाही." जिवली माझ्याकडे पाहत होती. मी टेबलावरच्या शाईच्या दौतीकडे पाहत होते. मग तिचा आवाज आला, अगदी बारीक. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. "मग मीच चुकले असेन, साहेब."

जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

बाहेर चिंचेखाली तिचे वडील उठून उभे राहिले. मी त्यांना काय सांगितलं? "प्रश्न अवघड होते." त्यांनी मला हात जोडले. तुम्ही पोरीसाठी एवढं आलात, म्हणाले. सदऱ्याचं वरचं बटण तेव्हा त्यांनी काढलं.

इथपर्यंतचं मी भीतीवर ढकलू शकते. आयुष्यभर ढकललंच. लोक होते, साहेब होते, नवऱ्याची नोकरी होती. पण हे सगळं सांगूनही मी अजून मूळ गोष्टीशी आलेली नाही. कचेरीतलं खोटं हे माझं सगळ्यात वाईट खोटं नव्हतं.

दोन-चार दिवसांनी, शाळा सुटल्यावर, जिवली टोकरखाड्याला आमच्या घरी आली. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आजोबा आलेले नव्हते, तुमचा बाबा खेळायला गेला होता. आसपास कोणी म्हणजे कोणी नव्हतं. ती पायरीशी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. मला वाटलं, भांडायला आली. मनातून मी तशी तयारीही केली — काय उत्तर द्यायचं, कसं गप्प करायचं.

ती भांडायला आली नव्हती. तिने विचारलं, "बाई, मला नीट वाचता येत नाय का?"

मला आधी समजलंच नाही.

ती म्हणाली, "मी फळ्यावर वाचलं होतं असं मला अजून दिसतं. अक्षरं दिसतात. पण तुम्ही लिहिलं नव्हतं. मग मी काय वाचलं?"

पाहिलंत? तिच्या डोक्यात मी खोटं बोलले असेन हा विचार शिरलाच नव्हता. शिकलेली बाई खोटं लिहीत नाही, म्हणजे खोटं बोलतही नाही. दोघींपैकी एकीचं चुकलं असणार, तर ते तिचंच. स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडायला ती तयार होती, माझ्यावरचा नाही. आणि ती मला विचारायला आली होती, कारण वाचणं बरोबर की चूक हे ठरवणारी तिच्यासाठी मीच होते. तिला वाचायला मी शिकवलं होतं.

साहेब नव्हते. कचेरी नव्हती. हसणारं कोणी नव्हतं. "जिवली, तू बरोबर वाचलंस, मीच खोटं लिहिलं आणि खोटं बोलले" — हे मी म्हटलं असतं, तर ते त्या ओट्यावरच राहिलं असतं. तिने कोणाला सांगितलं नसतं. सांगितलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं. मला कसलीच भीती नव्हती. तरीही — मला तिच्यापुढे लहान व्हायचं नव्हतं. एका वारली मुलीपुढे. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

मी सुपातले खडे वेचत म्हणाले, "घाईत वाचलं असशील. एक वाचायचं ते दुसरं वाचलं असशील. होतं असं."

ती "हो, बाई" म्हणाली. पायरीशीच वळली आणि गेली.

शेठनी एकदा विषय काढला. साखर तोलता तोलता म्हणाले, "बेन, हाथीवाली वात तर मी पण वाचलेली." मी म्हणाले, "ते वेगळं होतं, शेठ." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुडा बांधून दिला. त्यानंतर ते फळा वाचायला रस्ता ओलांडून आले नाहीत. घरी एका रात्री जेवताना तुमचा बाबा, तेव्हा सात-आठ वर्षांचा, आजोबांना सांगू लागला, "बाबा, हत्तीच्या डाव्या डोळ्यातून —" मी इतक्या जोरात "गप जेव!" म्हटलं की त्याचा घास हातातच राहिला. बहुतेक म्हणूनच बाबाच्या ते इतकं लक्षात राहिलं. श्रीकांत, तू हे वाचत असशील तर — तेव्हा तुझी काही चूक नव्हती.

सावंतसर परत आले. फळ्यावर आता सुविचार लिहीन, असं मी त्यांना सांगितलं. ते जरा हिरमुसले. म्हणाले, "लोकांना गोडी लागलेली हो, बाई." मी सुविचार लिहायला लागले. सत्यावर, श्रमावर, वेळेवर. हो, सत्यावरही लिहिला.

जिवलीने शाळा सोडली. सातवी झालीच होती, पुढे काय करायचं होतं? त्यानंतर एका सकाळी मी फळ्यावर लिहीत होते. मागे बायकांच्या मोळ्या उतरल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर त्यांच्यात जिवली होती. तिच्याही डोक्यावर मोळी. तिने ती खाली ठेवली आणि चुंबळ काढून कपाळ पुसलं. तीच म्हातारी बरोबर होती. सवयीने म्हणाली, "वाच गं जिवले, काय लिवलाय?"

मी खडू धरून उभी होते. फळ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं. पहिलीतलं पोर वाचेल असं.

जिवलीने फळ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, हळूहळू, ओठ हलवत. ती वाचत होती, मला दिसत होतं. मग ती म्हातारीला म्हणाली, "मना नाय येत वाचता."

"आगं, शालंत गेलीस ना तू?"

"गेली होती. नाय येत."

माझ्याशी ती बोलली नाही. रागाने नव्हे. फाटकाशी बाई दिसल्यावर मुली मान झुकवतात तशी तिने झुकवली, मोळी उचलली आणि बायकांच्या मागोमाग गेली.

तेव्हाही मी काही बोलले नाही. मोजलं तर ती तिसरी वेळ.

काही वर्षांनी आजोबांची बदली झाली आणि आम्ही सिल्वासा सोडलं. तिचं लग्न खानवेलकडे झाल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. मी चौकशी केली नाही. करता आली असती. पुढे मी बरीच वर्षं शिकवलं. शाळेने शाल दिली, भाषणं झाली. एका भाषणात कोणी म्हणालं की बाईंनी कितीतरी मुलींना वाचायला शिकवलं. मी हात जोडून बसले होते.

इरा, तू रविवारी विचारलंस आणि मी "पाहून सांगते" म्हणाले. तेही तसंच होतं. कचेरीतलं, ओट्यावरचं, त्याच जातीचं. इतकी वर्षं गेली तरी तोंडातून पहिल्यांदा तेच बाहेर आलं. म्हणून हे लिहिलं.

तर उत्तर असं. ते खरं नाही. हत्तीच्या एकाच डोळ्यातून पाणी येत नाही. ते मी बनवलं. फळ्यावर मीच लिहिलं होतं. जिवली नावाच्या मुलीने ते बरोबर वाचलं होतं, अक्षर न् अक्षर बरोबर. तुमच्या बाईंना तू सांगितलंस तेही बरोबर सांगितलंस.

जिवली असेल तर आता म्हातारी झाली असेल. असेल की नसेल, मला माहीत नाही. सावंतसर गेले, शेठ गेले, आजोबा गेले. ती शाळा पाडून नवी बांधली, असं ऐकलं. फळाही त्यातच गेला असणार. ते वाक्य तेवढं आहे. तुमच्या शाळेच्या भिंतीवर, हत्तीच्या चित्राखाली, इराच्या अक्षरात.

तुमची आजी